जावई दिला, वर दोन चेंडू

चहा घ्या आधी. सांगायला सुरुवात केली की मी मध्ये थांबत नाही, मग गार चहा प्याल आणि नाव मला ठेवाल.

माझ्या हातून आयुष्यात चुका झाल्या, नाही असं नाही. पण त्या मी गावभर सांगत फिरलो नाही. ही एक सांगतोय, कारण मी नाही सांगितली तर माझी मुलगी सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. हसू आलं तर हसा. पण थोडक्यात आवरा.

तर मंडळी, मी जावई विकला.

काय बघताय? विकला म्हणजे विकलाच. सौदा केला, हात दाबला, वर दोन चेंडू दिले. थांबा, नीट सांगतो.

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. कायम गिऱ्हाइकाच्या बाजूनं. ज्याला बैल घ्यायचा तो मला सोबत न्यायचा. मी जनावर पारखायचो, त्याच्या खोडी काढायचो आणि भाव पाडायचो. दात बघून वय सांगायचो, चाल बघून दुखणं सांगायचो. चाळीस वर्षांत मी पसंत केलेला एकही बैल परत गेला नाही. ही बढाई नाही. खरं आहे म्हणून सांगतो.

बायको गेल्यावर मुलगा म्हणाला, "अण्णा, या तीन महिने आमच्याकडं." मुलगा म्हणजे दीपक. म्युनिकला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुलगी सुवर्णा आणि जावई राजेंद्रराव तिथून जवळच, गार्चिंगला राहतात. जावई एका संस्थेत संशोधन करतात. कसलं, ते लग्नाला बारा वर्षं झाली तरी मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमचं बरं चाललं होतं.

म्युनिकला सगळं आहे. मला काम तेवढं नव्हतं. आणि मला बसायची सवय नाही हो! खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं, दारापासून खिडकीपर्यंत अकरा. दिवसभर तेच. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दाराला चिठ्ठी लावली. दीपकनं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"काय लिहिलंय?"

"अण्णा, त्या विचारतायत, तुम्ही घरात घोडा पाळलाय का."

"त्यांना सांग, घोडा नाही. बाप आहे. तू आणलायस."

दुसऱ्या दिवसापासून मी मोजे घालून फेऱ्या मारायला लागलो. पण पाय थांबले नाहीत. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या कानावर 'लिलाव' हा शब्द पडला तर काय होईल?

तिथल्या मराठी मंडळींची बास्केटबॉलची स्पर्धा असते. सहा संघ. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये सामने. सुरुवातीला खेळाडूंचा लिलाव होतो. पैसे नाहीत, नुसते पॉइंट. प्रत्येक कप्तानाला शंभर पॉइंट, त्यात त्यानं आपला संघ बांधायचा. शंभराच्या वर एक गेला तरी चालत नाही. आणि जो ज्या भावाला घेतला, तो त्या भावालाच राहणार. उद्या दुसऱ्या संघाला दिला, तरी त्यांनी तेवढेच पॉइंट मोकळे ठेवून घ्यायचा. मला नियम आवडला. चोख आहे.

दीपक कप्तान होता. आणि त्या आठवड्यात त्याची झोप उडाली होती.

गार्चिंगला पीएचडी करणारा अथर्व नावाचा एक पोरगा लिलाव झाल्यावर नवीन आला होता. सहा फूट चार इंच. त्याचा भाव वीस पॉइंट ठरला होता. ज्याच्याकडे वीस मोकळे असतील त्यानं, पोराची तयारी असेल तर, गुरुवारी संध्याकाळी आठच्या आत घ्यायचा. दीपककडे मोकळे होते सहा. म्हणजे चौदा कमी. आणि त्याच्या संघात बरोबर चौदाचा एक माणूस होता.

राजेंद्रराव.

"चौदा?" मी म्हटलं. "मग ते बास्केट भरपूर करत असतील."

"दाजी बास्केट करत नाहीत, अण्णा."

"मग काय करतात?"

"पास देतात. समोरच्याला अडवतात. मध्ये उभे राहतात."

"मध्ये उभं राहायचे चौदा?"

"त्या वानखेडेनं बोली चढवत नेली ना! आठ, नऊ, दहा. ताई समोर बसली होती. तिच्यादेखत दाजींना दुसऱ्याकडे जाऊ देऊ? मी चौदा म्हणून मोकळा झालो."

हे वानखेडे म्हणजे दुसऱ्या एका संघाचे कप्तान. नागपूरकडचे. त्यांच्याकडे पंधरा पॉइंट मोकळे होते. म्हणजे अथर्व त्यांना परवडत नव्हता, पण राजेंद्रराव परवडत होते. दाजी तिकडं गेले की इकडं वीस मोकळे. हिशेब सरळ होता. दीपकचं मन सरळ नव्हतं. त्याच्या बोलण्यात मध्येच जर्मन शब्द येतात; 'आल्झो' म्हणजे 'तर मग'.

"आल्झो, अण्णा, असं बघा. अथर्व आला तर वरून कोण अडवणार आम्हाला? पण दाजी गेले तर खाली कोण अडवणार? आणि दाजी आठवडाभर त्या लॅबमध्ये कुणाशी बोलत नाहीत. रविवारी तेवढे हसतात. ताई म्हणते, त्यांचा रविवार काढून घेतला तर माणूस हातचा जाईल. पण सहा फूट चार, अण्णा! पण ताई..."

असं आठ दिवस. जेवताना तेच, दात घासताना तेच. तो स्वयंपाकघरात फेऱ्या मारायचा, मी बाहेरच्या खोलीत. सूनबाई प्राची मध्ये उभी राहून म्हणाली, "ऑफिसच्या कामाचा एवढा विचार केला असतास, तर आज आपण भाड्याच्या घरात नसतो."

मी म्हटलं, "माल बघितल्याशिवाय बोलणं व्यर्थ आहे. मला रविवारी ने."

गेलो. बाहेरच्या चपला त्या हॉलमध्ये चालत नाहीत, म्हणून मोज्यांवर बसलो. आणि बाजारात बघायचो तसं राजेंद्ररावांना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. धावणं बघितलं, वळणं बघितलं, श्वास बघितला. बास्केट? एकसुद्धा नाही! चेंडू हातात आला की दुसऱ्याला. पुन्हा आला की पुन्हा दुसऱ्याला. जसा काही तापलेला तवाच!

घरी आल्यावर मी निकाल दिला. "देऊन टाक."

"ताईला कोण सांगणार?"

"मी वानखेड्यांशी बोलतो. तुझ्या तोंडून गेलं तर भाऊ वाईट. माझ्या तोंडून गेलं तर तो व्यवहार."

दीपकचा जीव भांड्यात पडला. लगेच पुन्हा वर आला. "अण्णा, नुसतं विचारा हां. ते घेतील का, एवढंच. पक्कं काही करायचं नाही."

"बरं."

हे 'बरं' मी मनापासून म्हणालो होतो. ध्यानात ठेवा.

गुरुवारी दुपारी वानखेड्यांच्या जेवणाच्या सुट्टीत गार्चिंगला गेलो. स्टेशनजवळ एक बेकरी आहे, उभ्यानं खायची उंच टेबलं आहेत. वानखेडे वेळेवर आले. गोलमटोल, हसरा माणूस. दोघांसाठी कॉफी आणि ब्रेझेल, म्हणजे तिथला गाठ मारलेला खारा पाव, घेऊन आले.

"बोला ना जी काकाजी. काय म्हणता?"

मी कोटाच्या आतून टॉवेल काढला. "हात द्या."

"काहून?"

"सौदा उघड्यावर होत नाही."

वानखेड्यांचे डोळे चमकले. "अरे बापा! माझा आबाजी बाजारात असंच करे! टॉवेलखाली बोटं! मी लहानपणी पाह्यलंय काकाजी!" आणि त्यांनी हात पुढं केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोघांचे हात टॉवेलनं झाकायचे. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. बघणाऱ्याला कळत नाही. आणि अख्खा पंजा आवळला की सौदा पक्का. त्यानंतर माघार नाही. लेखी नसतं, पण लेखीपेक्षा घट्ट असतं.

आता भाव तर चौदा ठरलेला. मग टॉवेल कशाला, असं तुम्ही विचाराल. दीपकनंही नंतर विचारलं. पण टॉवेलशिवाय मला विकणं-घेणं सुचतच नाही, त्याला काय करू? शेजारच्या टेबलावर एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. दोन बाप्ये टॉवेलखाली हातात हात घालून उभे आहेत, हे बघून तिनं आपली कॉफी उचलली आणि कुत्र्यासकट पलीकडं गेली.

वानखेडे म्हणाले, "सांगा काकाजी. माणूस कसा आहे?"

झालं! टॉवेलखाली हात आणि 'कसा आहे' हा प्रश्न. चाळीस वर्षं या प्रश्नाला माझ्या तोंडाला एकच उत्तर माहीत. मी सुटलो.

"डावा गुडघा कटकट वाजतो. उजवीकडं झटकन वळतो, डावीकडं वळायला जागा लागते. दमला की तोंडानं श्वास घेतो. उंची बेताची. पोट सुटायला लागलंय, आत ओढून चालतो, बायको बघत असली की जास्त. आणि बुजरा आहे. चार माणसांत मान वर करत नाही..."

जावयाला मी 'तो' म्हणत होतो! समोरासमोर ज्याला बारा वर्षांत कधी 'अहो'शिवाय हाक मारली नाही, त्याला! जिभेला भानच नव्हतं.

वानखेड्यांनी ब्रेझेल खाली ठेवला. "काकाजी, तुम्ही विकून राहिले का घेऊन राहिले?"

तेव्हा ध्यानात आलं. मी चुकीच्या बाजूला उभा होतो.

आयुष्यात मी कधी विकणाऱ्याच्या बाजूनं बोललोच नव्हतो. घाम फुटला, त्या थंडीत! वानखेडे म्हणाले, "इतका मोडका माणूस चौदाला घ्यायचा म्हणजे वर काही द्या." आणि टॉवेलखाली माझी दोन बोटं धरली. "दोन चेंडू."

मी एक बोट धरलं.

"नाही जी. दोन."

आता भाव टिकवायचा तर मालाचं कौतुक करायला पाहिजे. पण राजेंद्ररावांचं कौतुक मी कधी केलेलं नाही. कुठून आणू? मी डोळे मिटले आणि रविवारचा सामना पहिल्यापासून आठवायला लागलो.

"हॉलची किल्ली त्यांच्याकडं असते," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या मागनं जातात."

"ते ठीक. खेळात काय?"

"खेळात... ते मध्ये उभे राहतात. समोरचा धावत येतो, यांच्यावर आपटतो. हे हलत नाहीत. तेवढ्यात आपला माणूस मोकळा सुटतो आणि बास्केट होते. टाळ्या त्याला मिळतात. हे बरगडी चोळत मागं येतात."

बोलता बोलता मला एकेक दिसायला लागलं. खरंच सांगतो, आधी दिसलंच नव्हतं! "एकदाही चेंडू गमावला नाही वानखेडे, एकदाही! दीपक रागावून ओरडला, तर यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एक पोरगं पडलं, तर खेळ सोडून आधी त्याला उठवलं. जो स्वतः बास्केट करतो तो एकटा बास्केट करतो. हे असले की पाचही जण करतात! अशी चाल मी चाळीस वर्षांत दोन-तीनदा बघितली असेल. जोडीदाराचं ओझं आपल्या अंगावर घेऊन चालणारं जनावर, आणि मान कधी वाकडी नाही..."

माझा आवाज चढला होता. बेकरीतली बाई पोळपाटाएवढी पाटी हातात धरून तशीच उभी. माझे डोळे भरून आले होते. मी ठरवलं, हा माणूस द्यायचा नाही. सौदा बंद. मी हात काढून घेणार, एवढ्यात वानखेडे ओरडले,

"पक्का, काकाजी!"

"काय पक्का?"

"तुम्हीच तर पंजा आवळला ना जी! किती जोरात! बोटं दुखून राहिली माझी."

टॉवेल उचलून बघितलं. माझाच हात. त्यांचा पंजा अख्खा आवळून धरलेला, नखं पांढरी पडेपर्यंत. कौतुकाच्या भरात कधी आवळला, देव जाणे!

चाळीस वर्षांत मी शब्द फिरवला नव्हता. आता कसा फिरवू? मी टॉवेल घडी केला. माझा ब्रेझेल तसाच राहिला.

मी स्टेशनात पोचायच्या आत वानखेड्यांनी सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. 'राजेंद्र दाजी आता आमचे. सोबत दोन चेंडू. खुद्द सासऱ्यांनी सौदा केला.' फोन वाजला. सुवर्णा.

"अण्णा, तुम्ही ह्यांना विकलंत?"

"विकलं नाही. दिलं."

"आणि वर काय दिलंत?"

"...दोन चेंडू."

मग ती म्हणाली, "माझ्या लग्नात हुंडा देणार नाही म्हणून मांडवात उभं राहून सांगितलं होतंत. आता देताय? तेही जावई परत पाठवताना?"

फोन बंद. लगेच दीपक. "अण्णा! नुसतं विचारायचं ठरलं होतं!"

"झालं ते झालं. तू त्या उंच पोराला घे."

दीपकनं घ्यायला अथर्वला फोन केला. तो पोरगा काय म्हणाला असेल? म्हणाला, "सॉरी दादा. राजेंद्रदादा तुमच्याकडे आहेत म्हणून मी तुमच्याकडे येणार होतो. संस्थेत ते मला दोन महिने दुपारी पास द्यायला शिकवतायत. ते नाहीत तर मी दुसरीकडं बघतो."

बघा आता! उंच पोरगा गेला, दाजी गेले, दोन चेंडू गेले. दीपककडं राहिले वीस मोकळे पॉइंट आणि आता सहा महिने तरी बोलणार नाही अशी बहीण.

मी घरी आलो आणि फेऱ्या सुरू केल्या. मोजे घालायचं राहिलं. खालच्या बाईंनी काठीनं छत ठोकलं. मी वरून पाय आपटला. माणसाला एखादा दिवस असतो!

सहा वाजता सुवर्णा आणि राजेंद्रराव आले. सुवर्णा माझ्याकडं न बघता आत गेली. राजेंद्रराव माझ्यासमोर बसले. चहा आला. ते कपाकडं बघत म्हणाले,

"अण्णा, माझा गुडघा वाजतो हे तुम्हाला कसं कळलं?" वानखेड्यांनी त्यांना फोन करून सगळं शब्दन् शब्द सांगितलं होतं. खोडीही आणि कौतुकही.

"जिन्यात ऐकलं."

"आणि डावीकडं वळत नाही ते?"

"रविवारी बघितलं."

"बारा वर्षं मला वाटत होतं, तुम्ही माझ्याकडं बघतच नाही."

आतून सुवर्णाचा आवाज आला, "बघतात हो. गिऱ्हाईक मिळालं की बघतात."

तेव्हा मी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. दीपकला म्हटलं, "वानखेड्यांना बोलाव. मी सौद्यातून हात सोडवून मागतो."

वानखेडे सात वाजता आले. दारात बूट काढले, सोफ्यावर ऐसपैस बसले, पोहे घेतले. मी उभाच होतो.

"वानखेडे, माझी चूक झाली. आमचा माणूस आम्हाला परत द्या."

प्राचीनं हातातला डाव तसाच धरला होता. दीपकनं मला 'चूक झाली' म्हणताना जन्मात ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

वानखेडे पोहे चावत म्हणाले, "देतो ना काकाजी. राजेंद्रभाऊंचं तोंड पाहून देतोच. पण शब्द तर शब्दच. बदल्यात काही पाहिजे."

"दोन चेंडू ठेव तुझ्याकडं," दीपक घाईनं म्हणाला. "तिसरा देतो. पंप देतो. हॉलची शनिवारची वेळ घे!"

"चेंडू तुझे तुलाच राहू दे बे," वानखेडे म्हणाले. "मला काकाजी पाहिजेत."

"कोण?"

"हे. हा माणूस आधी मालाच्या सगळ्या खोडी सांगते, आणि मग तोच माल चौदाला माझ्या गळ्यात बांधते. एका सामन्यात त्यानं जे पाह्यलं ते आपल्याला वर्षभर नाही दिसलं. दर रविवारी आमच्या बाकावर बसवतो. समोरच्या संघाच्या खोडी सांगतील. तुमच्या संघाच्या तर पाठच आहेत."

मी दीपककडं बघितलं. सख्खा बाप, सत्तरी ओलांडलेला, तीन महिन्यांचा पाहुणा. याला समोरच्याच्या बाकावर पाठवायचं म्हणजे पोराला विचार करायला लागणार. करू दे. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

दीपकनं विचारलं, "त्यांचे पॉइंट किती धरायचे?"

"शून्य. खेळत नाहीत ना जी ते."

घड्याळात सव्वासात झाले होते. अदलाबदलीला आठपर्यंत वेळ होता. दाजींना द्यायचं की नाही, यावर पोरानं आठ दिवस अन्न गोड मानलं नव्हतं. माझ्या वेळी त्यानं हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे 'अगदी बरोबर'. "घेऊन जा."